कुंडीतलं लिंबू आणि जास्वंद: खत देऊनही नवी पालवी पिवळी, शिरा हिरव्या

शेवंती:
नमस्कार मंडळी. पुण्यात गच्चीवर बाग आहे, दिवसभर ऊन. प्रश्न दोन झाडांचा आहे. कागदी लिंबू, गुटी कलम, १६ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत दीड वर्षापासून. आणि देशी लाल जास्वंद, १४ इंची कुंडीत. दोन्हींत मिश्रण एकच: ४० टक्के तांबडी माती, ३० टक्के कोकोपीट, ३० टक्के गांडूळखत.

फेब्रुवारीपासून जी नवी पालवी येते ती फिकट पिवळी, शिरा मात्र जाळीसारख्या हिरव्या. जुनी पानं बऱ्यापैकी हिरवी आहेत, पण काहींच्या कडा करपल्यात. लिंबाला फुलं भरपूर येतात, फळ वाटाण्याएवढं होतं आणि गळतं. जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून खाली.

खत असं चालू आहे: महिन्याला दोन मुठी गांडूळखत, दोन महिन्यांनी दोन चमचे बोनमील, अधूनमधून लाकडाची राख आणि अंड्याच्या टरफलांचा चुरा, दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश, तिन्ही समप्रमाणात असलेलं खत) लिटरला ५ ग्रॅम. मागच्या महिन्यात एप्सम सॉल्टही (मॅग्नेशियम सल्फेट) देऊन झालं, फरक शून्य. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ६५०. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी फुकट जाऊ नये म्हणून तेही याच कुंड्यांना जातं.

खत वाढवू, की बदलू?

वाफसा:
वाढवू तर अजिबात नका. वर्णन वाचून खात्रीने सांगतो, तुमच्या कुंडीत खताचा दुष्काळ नाही, सुकाळ झालाय. झाडाला लोह मिळत नाहीये आणि ते मिळू न देणारी वस्तू तुमच्या पाण्यात आहे.

आधी पानाचं निदान, कारण पिवळं पान दिसलं की जो तो एप्सम सॉल्ट सुचवतो. पिवळेपणा कोणत्या पानावर आहे ते पहिलं बघायचं. नत्र आणि मॅग्नेशियम झाडात फिरतात. तुटवडा पडला की झाड ते जुन्या पानातून ओढून शेंड्याला देतं, म्हणून जुनी पानं पिवळी पडतात. नत्र कमी असेल तर जुनं पान शिरांसकट सगळं पिवळं. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानाच्या देठाकडे उलट्या व्हीच्या आकाराचा हिरवा भाग उरतो आणि बाकी पान पिवळं होतं. लोह मात्र एकदा पानात गेलं की फारसं हलत नाही. ते कमी पडलं की नवी पालवी पिवळी होते, बारीक शिरांची हिरवी जाळी स्पष्ट उरते आणि जुनी पानं हिरवीच राहतात. तुमचं चित्र नेमकं हेच आहे. जस्ताची कमतरताही नव्या पानांवरच दिसते, पण तिथे पानं लहान आणि अरुंद होतात, पेरं आखूड पडतात आणि पिवळेपणा ठिपक्या-पट्ट्यांसारखा असतो. लिंबात लोह आणि जस्त दोन्ही एकदम कमी पडणं नवीन नाही, तेव्हा तेही निरखून पाहा.

आता कारण. तांबड्या मातीत लोह ढिगाने असतं, तिचा रंगच लोहाचा. पण मातीचा पीएच (आम्ल-अल्कपणाचा आकडा, ७ म्हणजे मधला) साडेसातच्या वर गेला की ते लोह विरघळत नाही आणि मुळांच्या हाती लागत नाही. तुमचा पीएच कशाने चढला? बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटने. आपल्याकडच्या काळ्या कातळातलं पाणी बहुधा जड असतं आणि प्रत्येक पाण्याबरोबर कुंडीत थोडा चुना सोडून जातं. त्यात राख आणि अंड्याची टरफलं. राख चांगलीच अल्कधर्मी असते, टरफल म्हणजे सरळ कॅल्शियम कार्बोनेट. दोन्ही आजच बंद करा. बोनमीलही बंद: साताच्या वर पीएच असलेल्या मातीत ते जवळजवळ विरघळतच नाही, आणि जे स्फुरद मोकळं होतं ते लोहाला आणखी अडवतं. एप्समनेही फरक पडणार नव्हता. आपल्या बोअरच्या पाण्यात मॅग्नेशियम बहुतेक वेळा असतंच.

आरओचं वाया जाणारं पाणी कुंडीला कधीही देऊ नये. फिल्टर पिण्याचं पाणी गोडं करतो म्हणजे त्यातले क्षार काढून या बाजूला लोटतो. ६५० चं पाणी आत गेलं तर इकडे हजाराच्या पुढचं बाहेर पडतं. पानांच्या करपलेल्या कडा त्याच्या आणि ५ ग्रॅम खताच्या खात्यात जमा. ते पाणी फरशी पुसायला वापरा.

खताची मात्रा: १९:१९:१९ चं १ ग्रॅम १ लिटर पाण्यात टाकलं की १९० पीपीएम, म्हणजे लिटरला १९० मिलिग्रॅम, नत्र होतं. नेमाने दिलं जाणारं कुंडीतलं झाड त्यावर छान चालतं. तुम्ही ९५० पीपीएम देताय. फवारणीसाठी शेतकरी लिटरला ५ ग्रॅम घेतात, तो आकडा उचलून कुंडीत ओतला जातो आणि घोळ होतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

दोन तपासण्या करून आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू. पहिली: मत्स्यालयाच्या दुकानात केएच (पाण्यातली चुन्याची अल्कता) मोजायचं थेंबांचं किट मिळतं, त्याने बोअरच्या पाण्याचा केएच काढा. टीडीएस मीटर एकूण क्षार सांगतो, त्यात चुना किती ते सांगत नाही. दुसरी: कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, तासभर थांबा, मग कुंडीखाली स्वच्छ ताटली ठेवून वरून सावकाश पेलाभर पाणी ओता. पहिलं अर्धी वाटी जे गळेल त्याचा टीडीएस आणि पीएच मोजा. मुळांभोवती काय आहे ते त्या अर्ध्या वाटीत कळतं.

जांभ्यावरचा:
रत्नागिरीहून वेगळी बाजू. आमच्याकडे जांभ्याची माती आम्लधर्मी, विहिरीचं पाणी मऊ, आणि पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कुंड्यांतलं सगळं धुऊन नेतो. इथे लोहाची रड नसते. लिंबाच्या जुन्या पानांवर मॅग्नेशियमचा उलटा व्ही दिसतो, आणि तिथे एप्सम लिटरला २ ग्रॅम किंवा १४ इंची कुंडीला चमचाभर डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) चांगलं लागू पडतं. चिमूटभर राखही चालते. कोकणातल्या नातेवाइकांनी सांगितलेली राख देशावर बोअरच्या पाण्यावर वापरली की असं होतं. कृती विचारण्याआधी पाणी कुठलं ते विचारावं.

शेवंती:
दोघांचे आभार. आकडे: बोअरच्या पाण्याचा केएच १६. लिंबाच्या कुंडीतून गळालेल्या पाण्याचा टीडीएस २४००, पट्टीवर पीएच ८. जास्वंदीचा २१०० आणि पीएच ८ च. राख, टरफलं, बोनमील, आरओचं पाणी बंद केलं.

लिंबूसत्त्व पाण्यात टाकून पीएच उतरवता येतो असं वाचलं. आणि ताक? कढीपत्त्याला घालतात तसं?

वाफसा:
एक केएच म्हणजे १७.९ पीपीएम, तेव्हा तुमच्या पाण्यात सुमारे २८५ पीपीएम चुन्याइतकी अल्कता आहे. उन्हाळ्यात १६ इंची कुंडीला रोज दोन लिटर धरलं तर महिन्याला १७ ग्रॅम चुना कुंडीत येतो. थोडा तळातून निघून जातो, बराचसा राहतो. हा हिशेब डोक्यात ठेवा म्हणजे ताकाचं उत्तर आपोआप मिळतं: वाटीभर ताकातलं आम्ल यापुढे किरकोळ आहे, वर वास, चिलटं आणि बुरशी. मीठ घातलेलं असेल तर नुकसानच.

पहिलं काम क्षार धुण्याचं. कुंडी विटांवर उचलून ठेवा, तळाची भोकं काडीने मोकळी करा. संध्याकाळी कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी तासाभरात थोडं थोडं करून सोडा. १६ इंची कुंडीत साधारण ३५ लिटर मिश्रण बसतं, म्हणजे ७० लिटर. धारेने ओतलंत तर पाणी कडेच्या फटीतून निघून जाईल आणि मधला गोळा कोराच राहील. शेवटचे दहा-बारा लिटर मऊ पाण्याचे असले तर उत्तम: साठवलेलं पावसाचं पाणी किंवा एसीच्या नळीतलं पाणी. गळणाऱ्या पाण्याचा टीडीएस हजाराच्या खाली आला की थांबा. त्यानंतर वरची दोन बोटं माती कोरडी होईपर्यंत पाणी नाही आणि आठ-दहा दिवस खत नाही. ओल्या, श्वास कोंडलेल्या मुळांनाही लोह घेता येत नाही, म्हणून धुतल्यावर वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, येऊ देणं महत्त्वाचं.

दुसरं, लोह. बाजारात चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून विरघळलेलं ठेवलेलं लोह, दोन प्रकारचं मिळतं आणि इथे पुष्कळ लोक फसतात. ईडीटीए स्वरूपातलं १२ टक्के लोह स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं, पण साडेसहाच्या वर पीएच गेला की चिलेट सुटायला लागतं. तुमच्या आठच्या मातीत घातलंत तर पैसे मातीत. ते फवारणीसाठी ठेवा, लिटरला अर्धा ग्रॅम, ऊन उतरल्यावर. मातीतून द्यायला ईडीडीएचए स्वरूपातलं ६ टक्के लोह घ्या. नऊच्या पीएचलाही ते टिकतं. ओळख सोपी: पाण्यात टाकलं की गडद लाल रंग येतो. १६ इंची कुंडीला ३ ग्रॅम, १४ इंचीला २ ग्रॅम, दोन लिटर पाण्यात विरघळवून ओल्या मातीत, संध्याकाळी. उन्हात हे चिलेट तुटतं, म्हणून वर पालापाचोळ्याचा थर हवा. फरशीवर सांडलं तर डाग जात नाही. दोन ते तीन आठवड्यांत जी पालवी येईल ती हिरवी येईल. आधीची पिवळी पानं पूर्ण सुधारतीलच असं नाही, त्यांच्यावरून निकाल लावू नका. महिन्याने एकदा पुन्हा, मग गरजेनुसार.

फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, मातीत घालू नका. चुनखडीच्या मातीत त्याचं लोह बघता बघता न विरघळणारं होऊन बसतं.

तिसरं, पाणी. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड: तुमच्या पाण्याला १० लिटरला ३ ते ३.५ ग्रॅम लागेल, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून थोडं कमी. टाकून ढवळा, पट्टीवर पीएच ६ ते ६.५ दिसला की पुरे. सहाच्या खाली नको. मात्र मातीतले जिवाणू हे आम्ल खातात आणि बरीचशी अल्कता परत येते, तेव्हा यावर सगळी मदार ठेवू नका. खताच्या पाण्यापुरतं वापरा.

टिकाऊ उपाय गंधकाचा. पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक ५ ग्रॅम १६ इंची कुंडीच्या वरच्या दोन इंच मातीत कालवा, दर दोन महिन्यांनी. एक ग्रॅम शुद्ध गंधक तीन ग्रॅम चुना मारतं, पण ते काम जिवाणू करतात आणि त्यांना ऊब आणि ओल लागते. डिसेंबर-जानेवारीत टाकलेलं गंधक नुसतं पडून राहतं. आत्ता मार्चमध्ये टाकलंत तर मेपर्यंत परिणाम दिसेल.

आणि खत. क्षार धुतल्यावर लिंबाला दहा दिवसांनी आलटून पालटून दोन पाणी: एकदा अमोनियम सल्फेट १ ग्रॅम लिटरला, एकदा १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) १ ग्रॅम लिटरला. प्रत्येक वेळी दोन-अडीच लिटर, माती आधी भिजवून. अमोनियम सल्फेट मातीला आम्लाकडे नेतं, त्याचं १ ग्रॅम साधारण १ ग्रॅम चुन्याला पुरतं. १७ ग्रॅमपुढे ते तोकडं आहे, तरी दिशा बरोबर. १३:०:४५ मधलं नत्र नायट्रेटचं असल्याने ते पीएच थोडा वरच नेतं, म्हणून फक्त त्यावर राहू नका. १९:१९:१९ दोन महिन्यांतून एकदा, १ ग्रॅम लिटरला. स्फुरद तुमच्या कुंडीत बोनमीलचं पुष्कळ साठलंय. गांडूळखत दोन महिन्यांनी एक मूठ आणि निंबोळी पेंड ५० ग्रॅम, बस.

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर मात्रा निम्मी करा. चाळीस अंशांत प्लॅस्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू इतकी तापते की तिकडची मुळं मरतात आणि मग खत करपवतं. कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा किंवा लहान कुंड्या त्या बाजूला लावून सावली करा.

पानमळा:
वरचं सगळं पटलं. जास्वंदीच्या कळ्या आणि लिंबाची फळं राहिली, त्यावर लिहितो.

गळलेली कळी उचला आणि उभी चिरा. आत बारीक पांढरट अळ्या दिसल्या तर ती कळीमाशी. मग खत-पाण्याने काही होणार नाही. रोज खाली पडलेल्या आणि पिवळ्या पडू लागलेल्या कळ्या वेचून पिशवीत बांधून फेकायच्या, कुंडीत पडू द्यायच्या नाहीत, कारण अळी कळीतून मातीत उतरून कोष करते. कळी आतून स्वच्छ असेल तर ती पांढऱ्या कागदावर झटका. बारीक लांबट किडे पळताना दिसले तर फुलकिडे. त्यांना निळे चिकट सापळे आणि १०००० पीपीएमचं निंबोळी तेल लिटरला २ मिलि, थोड्या द्रवसाबणात फेटून, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. कळीच्या देठाशी कापसासारखा पुंजका आणि मुंग्यांची ये-जा असेल तर पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने धुवा, मग साबणाचं पाणी लिटरला ५ मिलि. मुंग्या हटवल्याशिवाय तो जात नाही, त्याच त्याला फांदीवरून फांदीवर नेतात.

यातलं काहीच नसेल, कळी रिकामी आणि स्वच्छ, तर कारण मुळाशी आहे: साठलेले क्षार, किंवा एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी चिखल असं पाणी. २१०० टीडीएसवर मला हीच शक्यता जास्त वाटते. जास्वंदीला स्फुरद कमी आणि पालाश जास्त लागतं, त्यामुळे तिलाही लिंबाचंच वेळापत्रक चालेल, फक्त १३:०:४५ च्या पाळ्या दुप्पट. ती नव्या फुटीवरच फुलते. वेड्यावाकड्या वाढलेल्या फांद्या एक तृतीयांश आत्ताच छाटा, पण लोह दिल्यानंतर, म्हणजे नवी फूट हिरवी येईल.

लिंबाची वाटाण्याएवढी फळं बरीच गळणारच, हे झाड हजारो फुलं काढतं आणि मोजकी फळं राखतं. चिंता कधी करायची? सगळीच गळतात आणि पालवीही पिवळी असते तेव्हा. पिवळं पान फळाला पोसू शकत नाही. या बहाराचा नाद सोडा, उरलेली फळं तोडून टाका आणि आधी पानं सुधारू द्या. बागायतदार बहार धरण्यासाठी पाणी तोडून ताण देतात, ते कुंडीत करू नका. जमिनीतलं झाड खोल मुळांवर तगतं, कुंडी एप्रिलमध्ये दोन दिवसांत कोरडी ठणठणीत होते आणि झाड फांद्या टाकून देतं.

नवी पालवी बोटभर झाली की जस्ताची एक फवारणी द्या: चिलेटेड जस्त लिटरला अर्धा ग्रॅम. त्याच पालवीवर चांदीसारख्या नागमोडी रेषा दिसल्या तर नागअळी. आधी दिलेल्या भरमसाठ नत्राने कोवळी फूट सतत येत राहिली की ती हटत नाही. मात्रा उतरवल्यावर बरीच कमी होईल.

शेवंती:
कळी चिरून पाहिली, आतून स्वच्छ. कागदावरही काही नाही. धुण्याचं काम आज संध्याकाळी करते.

एक शेवटचं. मिश्रण दीड वर्षात चार इंच खाली बसलंय. आत्ताच कुंडी बदलू, की थांबू? आणि नवीन मिश्रण कसं करू?

वाफसा:
आत्ता मुळं दुखवू नका, जूनमधल्या पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर बदला. हवा दमट असते आणि पावसाचं मऊ पाणी आपोआप मिळतं. तोवर वर नवी माती भरून बुंधा गाडू नका, लिंबाच्या बुंध्याला ओली माती लागली की डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) होतो.

खाली बसण्याचं कारण ३० टक्के गांडूळखत. ते कुजून बारीक होतं, पाणी धरून ठेवतं आणि हवा संपते. नवीन मिश्रणात तांबडी माती ३० टक्के, धुतलेलं कोकोपीट ३०, जाड भरड २५, गांडूळखत १५ टक्के. भरड म्हणजे नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, पर्लाइट, किंवा २ ते ४ मिलिमीटर चाळलेली वाळू. विटांचा चुरा घेणार असाल तर सिमेंट किंवा चुना न लागलेल्या कोऱ्या विटांचा, पाडकामाचा नको. माती विकत घेताना चिमूटभर कोरडी माती बशीत घेऊन त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, ती घेऊ नका.

कोकोपीटची ५ किलोची वीट फुगून ६५-७० लिटर होते. ती आधी साध्या पाण्यात फुगवून पिळा, मग १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट २० लिटर पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर भिजवा आणि पुन्हा धुवा. कच्च्या कोकोपीटला चिकटलेलं सोडियम त्याने सुटतं. या पाण्यात सल्फेट किंवा स्फुरदाचं कुठलंही खत मिसळू नका, पांढरा साका खाली बसतो आणि दोन्ही वाया जातं.

झाड काढल्यावर मधोमध नर्सरीचा चिकण मातीचा गोळा तसाच सापडण्याची दाट शक्यता आहे. तो बादलीतल्या पाण्यात भिजवून बोटांनी निम्मा तरी मोकळा करा. गोळा तसाच राहिला तर नव्या भुसभुशीत मिश्रणातलं पाणी त्याच्यात शिरत नाही, बाहेर ओल आणि आत कोरडं. कडेने गोल फिरलेली मुळं कात्रीने तीन-चार ठिकाणी उभी कापा, वरच्या फांद्या त्या प्रमाणात हलक्या करा आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. पहिलं खत नवी फूट दिसल्यावर, अर्ध्या मात्रेने.